टो डॉलीवर कार न्यायची आहे? आधी मागची दोन चाकं बघा

प्रश्न थोडक्यात असा: घर हलवायचं आहे, सामान मोठ्या व्हॅनमध्ये जाणार आणि व्हॅनच्या मागे टो डॉलीवर, म्हणजे कारची पुढची दोन चाकं वर घेणाऱ्या छोट्या दोनचाकी गाड्यावर, छोटी ऑटोमॅटिक कार न्यायची. अंतर साधारण ६०० किलोमीटर. कोणतीही कार डॉलीवर चालते का, गिअर कुठे ठेवायचा, वेग किती ठेवायचा आणि डॉली लावून रिव्हर्स घेऊ नका असं सगळे का सांगतात? शिवाय पुढच्या खेपेला त्याच व्हॅनमागे सामानाचा ट्रेलर लावला तर काय वेगळं करावं लागेल?

टोइंगच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कार डॉलीवर चढवली, पट्टे आवळले, की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. पण डॉलीवर अर्धीच कार चढते. पुढची दोन चाकं वर, बांधलेली. मागची दोन रस्त्यावर, फिरणारी. बांधलेल्या चाकांकडे लोक चार-चार वेळा बघतात, फिरणाऱ्या चाकांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि नुकसान होतं ते बहुधा तिथेच. म्हणून सुरुवातही तिथूनच करू.

पहिला प्रश्न: इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना जाते? पुढच्या चाकांना जात असेल, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल, तर डॉली तुमच्यासाठीच आहे. ताकदीची चाकं वर बांधलेली, मागची चाकं नुसती गडगडणारी. गिअरबॉक्सचा रस्त्याशी संबंधच उरत नाही. अशा कारचा गिअर ऑटोमॅटिकमध्ये ‘पार्क’वर ठेवला तरी काही बिघडत नाही, मॅन्युअलमध्ये पहिल्या गिअरमध्ये ठेवला तरी चालतो.

रिअर व्हील ड्राइव्ह कारची गोष्ट वेगळी. मागची चाकं रस्त्यावर फिरली की प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, फिरतो आणि तो गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पंप बंद, तेल खाली चेंबरमध्ये पडून, आणि आतले भाग कोरडे फिरताहेत. न्यूट्रलमध्ये ठेवलं म्हणजे वाचलो असं समजू नका. न्यूट्रलने इंजिन सुटतं, फिरणं सुटत नाही. काही अंतरानंतर आतल्या क्लच प्लेटा आणि बुश जळतात आणि हे तुम्हाला कळतं मुक्कामी पोचल्यावर, कार गिअरमध्ये टाकूनही जागची हलत नाही तेव्हा. मॅन्युअल गिअरबॉक्स जरा जास्त सोसतो, पण बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही खालचा शाफ्ट फिरला तरच तेल वर उडतं. लांबच्या प्रवासात तोही भरवशाचा नाही.

यावर उपाय दोन. एक, प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवायचा. तो काढताना युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टच्या टोकाच्या फिरत्या सांध्याच्या) वाट्या टेपने गच्च बांधा, नाहीतर आतल्या बारीक सुया जमिनीवर सांडतात आणि मग पूर्ण जॉइंट बदलावा लागतो. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला बूच लावा, नाहीतर रस्ताभर तेल गळेल. शाफ्ट आणि तो जिथे जोडलेला असतो ती चकती (फ्लँज) दोन्हींवर खडूने खूण करा म्हणजे परत जसाच्या तसा बसेल आणि नंतर गाडी थरथरणार नाही. दुसरा उपाय, चारही चाकं वर घेणारा ट्रेलर. मला विचाराल तर दुसराच.

काही जण तिसरी शक्कल लढवतात: कार उलटी चढवायची, मागची चाकं डॉलीवर आणि पुढची रस्त्यावर. मी हे करत नाही. कारचं जड टोक, म्हणजे इंजिन, शेवटी लोंबकळतं आणि सगळी जोडणी वेगात मागून डोलायला लागते. वर रस्त्यावरची पुढची चाकं सरळ राहण्याचा सगळा भार स्टीअरिंगच्या कुलपावर येतो. ते कुलूप चोरासाठी केलेलं आहे, शेकडो किलोमीटर धक्के खाण्यासाठी नाही.

ऑल व्हील ड्राइव्ह कार डॉलीवर न्यायचीच नाही. पुढची चाकं स्थिर आणि मागची फिरताहेत, हा फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या कपलिंगला किंवा डिफरन्शियलला सतत सोसावा लागतो आणि ते तापून निकामी होतं. इथे एक फसगत असते. काही हायब्रिड गाड्या दिसायला साध्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, पण मागच्या धुरीवर वेगळी इलेक्ट्रिक मोटर असते. खालून वाकून पाहिलं तर शाफ्ट दिसत नाही, म्हणून मालक निर्धास्त. त्या मोटरला चाकांनी फिरवलं की ती वीज तयार करते आणि ती कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं. इलेक्ट्रिक गाड्यांचंही तेच. दोन मोटरवाली असेल तर चारही चाकं वरच. अशा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान असतं. ते पान आधी वाचा, मग डॉलीचा विचार करा.

तुमची कार छोटी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे असं गृहीत धरतो आणि पुढे जातो.

आता हँडब्रेक. साधा दांडीचा असेल तर खाली सोडा, एवढंच. पण नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असतो आणि तो अनेक मॉडेलमध्ये इंजिन बंद केलं किंवा ड्रायव्हरचं दार उघडलं की आपोआप लागतो. तुम्ही सोडून उतरता, दार लावता, तेवढ्यात तो गुपचूप परत लागलेला. मोठ्या व्हॅनला मागे एक छोटी कार अडकून घसटतेय हे जाणवतही नाही. एक कार अशी आमच्याकडे आली होती: मागच्या दोन्ही टायरवर हाताच्या तळव्याएवढा सपाट चट्टा, आतल्या तारा बाहेर. मालकाला मागच्या गाडीवाल्याने हॉर्न देऊन थांबवलं तेव्हा कळलं. म्हणून डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. एकाने व्हॅन पाच-दहा मीटर सावकाश पुढे घ्यायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून कारची मागची चाकं खरंच फिरताहेत का ते बघायचं. दोन्ही बाजूंनी, कारण बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत एका बाजूची केबल गंजून अडकलेली असू शकते.

निघाल्यावर पहिल्या आठ-दहा किलोमीटरला थांबा आणि हाताची मागची बाजू कारच्या दोन्ही मागच्या चाकांच्या मध्याजवळ न्या. टेकवायची गरज नाही. दोन्हींत सारखी ऊब असेल तर ठीक. एक गार आणि एकाची झळ लागतेय असं असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. डॉलीच्या चाकांच्या मध्याची (हबांची) अशीच तपासणी करा.

कारच्या मागच्या टायरांत हवा नीट भरा, आणि टायर जुनाट असतील तर बदला. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. मागे कारचा टायर फुटला तर व्हॅनमध्ये बसलेल्याला ते समजायला वेळ लागतो, तोवर रिम रस्त्यावर घासत असते. मोठ्या व्हॅनच्या आरशांत छोटी कार दिसतच नाही. मागे कॅमेरा लावता आला तर फार उत्तम.

आता वजन. इथे लोक फक्त व्हॅनची ओढण्याची क्षमता बघतात आणि थांबतात. समजा कार ११०० किलोची, डॉली ३०० किलोची. मागे एकूण १४०० किलो झाले. व्हॅनच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा दोन आकडे दिलेले असतात: ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी दुसरा. दुसरा आकडा खूपच लहान असतो, अनेक गाड्यांत ७५० किलो. म्हणजे बिनब्रेकच्या डॉलीवर तुमची ही जोडणी त्या व्हॅनला झेपतच नाही, इंजिन कितीही दांडगं असो. ओढणं हे इंजिनाचं काम, थांबवणं ब्रेकचं. आणि अडचण नेहमी थांबवताना येते. त्यात व्हॅन सामानाने भरलेली. व्हॅन, सामान, माणसं, डॉली, कार या सगळ्यांच्या बेरजेचीही एक मर्यादा उत्पादकाने दिलेली असते, तीही बघा. शिवाय हिच (व्हॅनच्या मागची जोडणीची चौकट), बॉल (तिच्यावरचा लोखंडी गोळा), बॉलची दांडी, कपलर (डॉलीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी), डॉली आणि पट्टे या प्रत्येकावर आपापली क्षमता कोरलेली किंवा छापलेली असते. यातला सर्वांत लहान आकडा तुमची खरी मर्यादा. आणि ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या कारपेक्षा चांगली जड हवी, हलकी तर मुळीच नको.

ब्रेकवाली डॉलीच घ्या, हे माझं स्पष्ट मत. दोन प्रकार मिळतात. सर्ज ब्रेकमध्ये व्हॅनने ब्रेक मारला की डॉली पुढे रेटली जाते, कपलरमधला दट्ट्या दाबला जातो आणि त्या दाबाने डॉलीचे ब्रेक लागतात. वायरिंग नको, कंट्रोलर नको. तोटा असा की लांब उतारावर व्हॅन गिअरने रोखली तरी डॉली मागून रेटतच राहते आणि तिचे ब्रेक सतत घासत तापतात. घाट उतरताना मध्ये थांबून ते निवू द्यावे लागतात. इलेक्ट्रिक ब्रेकला व्हॅनमध्ये कंट्रोलर बसवावा लागतो, पण त्याने डॉलीचे ब्रेक वेगळे लावता येतात, आणि याचा उपयोग कुठे होतो ते पुढे सांगतो. डॉली सुटलीच तर आपोआप ब्रेक लावणारी एक बारीक तार असते. ती व्हॅनच्या चेसिसला स्वतंत्र अडकवायची, सेफ्टी चेनमध्ये किंवा बॉलच्या दांडीत नाही. कारण दांडीच निखळली तर तारही तिच्याबरोबर जाईल.

बॉलच्या मापाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. उत्तर अमेरिकी पद्धतीत १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच अशी मापं चालतात. इतर बऱ्याच ठिकाणी ५० मिलिमीटर. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरहूनही कमी, डोळ्यांना दिसत नाही. दोन इंचाचा कपलर ५० मिलिमीटरच्या बॉलवर बसल्यासारखा वाटतो, खटका पडतो, आणि खड्ड्यात उसळी बसली की निसटू शकतो. उलट केलं तर कपलर पूर्ण खाली बसतच नाही. माप दोन्हींवर कोरलेलं असतं. टॉर्च मारून वाचा. बॉलच्या खालचा नटही पान्याने तपासा, तो फिरून फिरून ढिला होतो.

कपलर खरंच बसलाय का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. खटका लावा, पिन घाला आणि कार चढवण्याआधी डॉलीच्या दांड्याखाली जॅक लावून वर उचला. व्हॅनचं मागचं टोक बरोबर वर यायला लागलं तर कपलरने बॉल धरलाय. कपलर एकटाच वर आला तर नशीब, इथेच कळलं.

सेफ्टी चेन दोन असतात, त्या कपलरच्या खालून एकमेकींना फुली मारून अडकवायच्या. बॉल सुटला तर दांडा त्या फुलीत पडतो आणि रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतकी ढील द्या, पण रस्त्याला घासू देऊ नका. चेन लांब आहे म्हणून तिला पीळ देऊन आखूड करणारे असतात; तसं करू नका, पिळलेल्या कडीची ताकद कमी होते.

चढवताना जमीन सपाट हवी, व्हॅन आणि डॉली एका रेषेत हव्या, व्हॅनचा हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना लाकडी ठोकळे लावलेले हवेत. डॉली व्हॅनला जोडलेली असेल तेव्हाच कार चढवायची. न जोडलेल्या डॉलीवर कार चढवली तर दांडा उचलून वर येतो, आणि तिथे कुणी उभं असेल तर हनुवटी फुटते. कार चढलेली असताना डॉली व्हॅनपासून सोडवायची नाही, तीही याच कारणाने. कार सरळ रेषेत, क्लच किंवा ब्रेकवर खेळत, गोगलगाईच्या वेगाने वर घ्या. बाजूला एक माणूस खुणा करायला असावा, पण व्हॅन आणि कार यांच्या मधे कुणीही उभं राहता कामा नये. पुढचा बंपर बसका असेल तर रॅम्पच्या तोंडाशी फळ्या टाका म्हणजे चढ सौम्य होतो.

मग स्टीअरिंग. इथे सल्ले उलटसुलट ऐकू येतात, कारण डॉली दोन जातींच्या असतात. एका जातीत चाकं ठेवायची थाळी स्वतः फिरते. वळणावर थाळी फिरते, म्हणून कारचं स्टीअरिंग सरळ करून लॉक करायचं. दुसऱ्या जातीत थाळी पक्की असते. तिथे वळणावर डॉली फिरते ती कारची पुढची चाकं वळवूनच, म्हणून स्टीअरिंग मोकळं हवं. पक्क्या थाळीच्या डॉलीवर स्टीअरिंग लॉक करून निघालात तर पहिल्याच वळणावर पट्टा तुटेल, टायर थाळीबाहेर ओढला जाईल किंवा स्टीअरिंगचं काहीतरी मोडेल. तुमची डॉली कोणत्या जातीची ते तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. स्टीअरिंग मोकळं ठेवण्यासाठी किल्ली फिरवून ठेवावी लागत असेल तर ६०० किलोमीटरनंतर कारची बॅटरी उतरलेली मिळू शकते, याची तयारी ठेवा.

पट्टे टायरच्या मधोमध बसले पाहिजेत. आत हात घालून बघा: पट्टा ब्रेकच्या होजला किंवा एबीएसच्या वायरला घासत नाही ना? रॅचेटच्या (पट्टा आवळायच्या खटक्याच्या) रिळावर किमान दोन वेढे बसू द्या आणि मग आवळा. उरलेलं शेपूट गुंडाळून बांधा, लोंबत ठेवलं तर चाकाखाली जातं. कडेला चीर गेलेला, शिवण उसवलेला किंवा उन्हाने पांढरा पडलेला पट्टा फेकून द्या. आवळल्यावर व्हॅन थोडी पुढे घेऊन हलका ब्रेक मारा. टायर थाळीत नीट बसतात आणि पट्टे ढिले झालेले दिसतात. परत आवळा. पहिल्या आठ किलोमीटरनंतर एकदा आणि मग साधारण दर ८० किलोमीटरला तपासायचं, अशी रूढ पद्धत आहे. पाऊस लागला तर त्याहून आधी, कारण नायलॉन भिजला की ताणतो. पट्ट्यांशिवाय एक चेन डॉलीपासून कारच्या चेसिसला असते. ती बंपरला किंवा सस्पेन्शनच्या हलणाऱ्या दांडीला अडकवू नका.

कार चढली की डॉलीचे स्वतःचे दिवे तिच्या पोटाखाली झाकले जातात. मागच्याला तुमचा ब्रेक लाइट दिसायला हवा तर कारच्या मागे वेगळे दिवे लावावे लागतील. चुंबकाचे दिवे मिळतात. टपावर किंवा डिकीवर लावा, वायर दारात चेमटणार नाही अशी न्या. निघण्यापूर्वी इंडिकेटर, ब्रेक, पार्किंग सगळं एकाला मागे उभं करून तपासा. कारमध्ये सामान भरू नका, डिकीत तर नाहीच. आणि तिच्यात माणूस बसवायचा नाही, अगदी पुढच्या चौकापर्यंतसुद्धा.

कायद्याचं एक वाक्य: काही देशांत डॉली फक्त बंद पडलेली गाडी रस्त्यातून हलवायला चालते, धडधाकट कार लांब न्यायला नाही, ब्रेक, परवाना आणि वेगाचे नियमही जागोजाग वेगळे आहेत. जिथून जिथपर्यंत जाणार त्या सगळ्या हद्दींतले नियम आधी बघा.

वेग. बहुतेक डॉलींना ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा दिलेली असते. मी ८०च्या वर जात नाही. ८० ऐवजी १०० ने गेलात तर थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि ६०० किलोमीटरमध्ये वाचतो दीड तास. तो दीड तास डॉलीवर वाचवायचा नसतो. पुढच्या गाडीपासून चार-पाच सेकंदांचं अंतर ठेवा. वळणावर डॉली आणि कार आतल्या बाजूने कापतात, म्हणून वळण रुंद घ्या, फुटपाथच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा. उताराला गिअर आधी खाली टाका, उतार सुरू झाल्यावर नाही.

आणि रिव्हर्स. साध्या ट्रेलरला एकच सांधा असतो, बॉलचा. सरावाने तो मागे घेता येतो. डॉलीला दोन सांधे: एक बॉलचा, दुसरा फिरत्या थाळीचा किंवा कारच्या मोकळ्या स्टीअरिंगचा. मागे रेटलं की दोन्ही सांधे आपापल्या मर्जीने वळतात आणि दोन-तीन मीटरमध्ये डॉली आडवी होते. पक्क्या थाळीच्या डॉलीत कारची चाकं स्टीअरिंगच्या टोकाला जाऊन अडतात, पट्ट्यांवर तिरका ताण येतो, फेंडर चेपतो. कितीही हुशार ड्रायव्हर असला तरी हे सरळ ठेवू शकत नाही, कारण दुसरा सांधा त्याच्या हातातच नाही. म्हणून पेट्रोल पंप, ढाबे, पार्किंग असं निवडा की पुढून शिरून पुढूनच बाहेर पडता येईल. बंद गल्लीत अडकलातच तर कार उतरवा, डॉली सोडवा, हाताने ढकलून फिरवा आणि परत जोडा. अर्धा तास जातो. फेंडर वाचतो.

परत येताना डॉली रिकामी असेल, तर तिचीही एक खोड सांगतो. भरलेली डॉली शहाण्यासारखी चालते, रिकामी उड्या मारते. हलकी असल्याने खड्ड्यात उसळते, रॅम्प खडखडतात, आणि ती आरशात दिसत नसल्याने ड्रायव्हर तिला विसरून वळण कापतो. रॅम्पच्या पिना लावा, पट्टे काढून व्हॅनमध्ये ठेवा.

सामानाच्या ट्रेलरचं. डॉलीवर वजन कुठे बसेल हे ठरलेलं असतं, पुढची चाकं साधारण धुरीवरच येतात. ट्रेलरमध्ये ते तुम्ही ठरवता, म्हणून गडबडीला जागाही तिथेच जास्त. बैलगाडीत ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते आणि पुढे गेलं की धुरजड, ट्रेलरचंही तेच. उलाळ ट्रेलर बॉलला वर उचलतो, व्हॅनच्या मागच्या चाकांवरचा भार कमी करतो आणि विशिष्ट वेगाला पोचला की डावी-उजवीकडे डोलायला लागतो. जड सामान धुरीच्या किंचित पुढे, तळाशी ठेवा. बॉलवर येणारं वजन उत्तर अमेरिकी ट्रेलरांत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात, युरोपीय पद्धतीत ते कमी असतं. तुमच्या ट्रेलरच्या आणि हिचच्या पाटीवर लिहिलेलं माना. छोट्या ट्रेलरचं हे वजन घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतं: ट्रेलर सपाट जागी, चाकांना ठोकळे, आणि काट्यावर एक लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कपलर, नेहमीच्या उंचीला टेकवायचा.

ट्रेलर डोलायला लागलाच तर हात-पाय आवरणं सगळ्यात अवघड. ब्रेक दाबावासा वाटतो. दाबू नका, व्हॅन हळू होते आणि मागचं ओझं तिला आणखी ढकलतं. वेग वाढवून सरळ करू बघू नका. स्टीअरिंग उलटसुलट फिरवून त्याच्याशी झुंजू नका, तुमचा प्रत्येक झटका थोडा उशिरा पोचतो आणि डोलणं वाढवतो. स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून सावकाश काढा. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हलके लावा. मागून ताण बसला की जोडणी सरळ होते. मघाशी म्हटलेला उपयोग तो हाच. मग थांबून सामान पुढे हलवा. वेग कमी ठेवून तसंच पुढे रेटू नका, कारण पहिल्याच उतारावर ते परत सुरू होईल. आणि ट्रेलरच्या मागे डॉली जोडून दोन्ही एकदम न्यायचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या.

उतरवताना क्रम महत्त्वाचा. जागा सपाट, व्हॅनचा हँडब्रेक, डॉली जोडलेलीच. कारमध्ये बसून आधी तिचा हँडब्रेक ओढा, मगच पट्टे सोडा. पट्टा सुटताच कार रॅम्पवरून स्वतःहून मागे निघालेली मी पाहिली आहे. रॅचेट उघडताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका, ताणलेली मूठ झटक्याने परत येते. दोन्ही पट्टे आणि चेन सुटल्याची फेरी मारून खात्री करा, कारण घाईत चेन राहते आणि कार मागे घेताना डॉलीच ओढली जाते. कार खाली आली की लगेच चालवत निघू नका: पुढचे टायर, बंपरची खालची कड आणि ब्रेक होज बघून घ्या, आणि मागच्या टायरांची हवा परत एकदा मोजा.